बैलाचे दात बघणाऱ्याच्या दातांना तारा

सन २०२३. माझं वय एकाहत्तर. त्या आषाढात माझ्या दातांचा विषय निघाला आणि तो मिटायला पुढं पावणेदोन वर्षं गेली.

माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर थोराड आहे आणि ओळ वर चढत जाते. पण हे मी स्वतः लिहिलं आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. संगमनेरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तात्या, तुमच्या वयाची माणसं तारांना घाबरतात. तुम्ही लिहा, मी दवाखान्यातल्या बाकड्यावर वाचायला ठेवते." म्हणून लिहिलं. तुम्ही त्या बाकड्यावर बसून वाचत असाल, तर आधी माझा धंदा काय ते सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी हेडी. बैल घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून द्यायची आणि जनावर पारखून द्यायचं. बैलाचं वय त्याच्या तोंडात असतं. वर पुढचे दात त्याला नसतातच, खाली आठ. दुधाचे असले तर आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळला. त्याच्या पुढं दात झिजतात, मधी फटी पडतात. फटी पडल्या की बैल उतरला समजायचं. दात कानशीनं घासून म्हातारा बैल तरणा म्हणून आणणारे मी भर बाजारातून परत पाठवलेत. पन्नास वर्षांत मला या बाबतीत कुणी फसवलं नाही.

आरसा

राजूरच्या बाजारात एका तरण्या पोरानं गोऱ्हा आणला होता. दोनदाती म्हणत होता. मी तोंड उघडलं, चारदाती निघाला. तसं बोललो. पोराला राग आला.

"तात्या, गोऱ्ह्याचं ऱ्हाऊ द्या. आपलं त्वांड बघा की आरशात. तुमच्या फटीतनं पल्याडचा बाजार दिसतोय."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं बबन हसला. बबन माझ्याच धंद्यातला, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चाळीस वर्षं आम्ही एकाच लिंबाखाली बसतो आणि चाळीस वर्षं एकमेकाला खाली बघायला लावायची संधी शोधतो.

"खरं हाय त्याचं," बबन म्हणाला. "तात्या आता उतरला. मी तर गिऱ्हाइकाला दाखवायचो न्हाई."

घरी आलो आणि दाढीचा आरसा अंगणात नेऊन उजेडात धरला. वरचे पुढचे दोन दात असे फाकलेले की मधून काडेपेटीची काडी आरपार गेली. डावीकडचा तर बाहेर झुकला होता, आणि जिभेनं ढकलला की हलत होता. थुंकीत तांबडं यायला लागून वर्ष झालं होतं. बायकोनं, हौसानं, एकदा विचारलं तेव्हा मी पान खाल्लंय म्हणून सांगितलं होतं. पान मी महिन्यातून एकदा खातो. तिला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं.

पहिल्यांदा जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर आत बघून म्हणाले, "सगळे काढून टाकू, कवळी बसवू. मोकळे व्हाल." मी खुर्चीतून उठलो. माझ्या सासऱ्यांची कवळी मी तांब्यात बघितली आहे. पाव्हणे आले की म्हातारा तांब्याकडं धावायचा. मी म्हणालो, माझे दात माझ्याच तोंडात राहतील, नाहीतर तोंड तसंच राहील.

तोंड उघडलं तो दिवस

मुलगा संगमनेरला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई माझ्या नातीपेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. कागदावर लिहायला वय विचारलं.

मी म्हणालो, "तुमीच सांगा बघून. मी बैलाचं सांगतो तसं."

त्या हसल्या. हातमोजे घातले, आरसा आत घातला, एकेका दातापाशी थांबल्या. "सत्तरच्या अलीकडं-पलीकडं. डावीकडच्या दाढा जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. तंबाखू डाव्या गालात धरता."

तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. पन्नास वर्षांत मी हजारो तोंडं उघडली, पण आपलं तोंड दुसऱ्यानं वाचलं की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. बैल मान का फिरवतो तेही कळलं.

"आमच्यात म्हणत्यात," मी सांगितलं, "त्वांड उघडलं की मालकाचं खोटं कळतं."

"चांगलं आहे की," बाई म्हणाल्या. "लक्षात ठेवते."

मग त्यांनी दातांचा आतला फोटो काढून दाखवला. दाढा गेल्या, चावायचा सगळा भार पुढच्या दातांवर आला, हिरड्या पिकल्या, आतलं हाड झिजलं, आणि दात बाहेर फाकले. वरचा डावा सगळ्यात कच्चा. त्याला धरायला हाड निम्मंच उरलेलं. "हा एक दात राहिला तर तुमची सगळी पुढची ओळ राहील, नंतर दाढांच्या जागीही दात बसवता येतील. हा गेला तर शेजारचेही फार दिवस राहायचे नाहीत. आधी हिरड्या बऱ्या करू. मग तारा लावून हळूहळू ओळीत आणू. दीड वर्ष लागेल. आणि तंबाखू आजपासून बंद."

माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं. "बाई, बैलाचा दात एकदा फाकला की परत जवळ येत न्हाई. माझा ह्या वयात कसा येईल?"

त्यांनी विचारलं, "बैल खुंट्याला बांधता ना? खुंटा घट्ट ठोकलेला असतो. तरी महिन्यानं तो एका अंगाला कललेला का दिसतो?"

"बैल दिसभर ओढ देतो. माती एका बाजूनं दबती, दुसऱ्या बाजूला भुसभुशीत व्हती."

"तसंच हाड. एका बाजूनं विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. वय सत्तर असलं तरी भरतं, फक्त सावकाश. आणि बैलानं एकदम हिसका दिला तर?"

"खुंटा उपटून येतो."

"मग तुम्हाला सगळं कळलं," बाई म्हणाल्या.

मलाही वाटलं, आपल्याला सगळं कळलं.

तारा

हिरड्यांच्या आतली घाण काढायला चार खेपा झाल्या. सुई टोचतात ती टोचल्यासारखीच लागते, त्याहून जास्त नाही. खरा त्रास तंबाखूचा. पहिले पंधरा दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. ताट ढकललं, सुनेवर ओरडलो. हौसानं बडीशेपेची डबी आणून माझ्या कोपरीच्या खिशात घातली, तंबाखूची चंची काढून घेतली आणि कुठं ठेवली ते आजतागायत सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर तारा लागल्या. लोक विचारतात, लई दुखतं का? लावताना अजिबात दुखत नाही. दातावर डाळीएवढे लोखंडी तुकडे चिकटवतात, त्यातून बारीक तार ओवतात, तासाभरात उरकतं. दुखतं ते संध्याकाळपासून. सगळे दात एकदम ठणकतात, शिळ्या भाकरीचा तुकडाही दगड वाटतो. चार दिवसांनी ओसरतं. दर महिन्याला तार आवळली की पुन्हा दोन दिवस. गालाला टोचतं तिथं मेण लावायला देतात. ते मेण ही मोठी सोय आहे, खिशात ठेवा.

खाण्याचं सांगतो. ऊस बंद, भाजलेलं कणीस बंद, फुटाणे बंद. भाकरी बंद नाही, पण हौसा तिचा पापुद्रा काढून दुधात मोडायची. सकाळी नागलीची आंबील. मला बाळासारखं भरवतीस, म्हणून मी चिडायचो.

"मग बाळाचं दात यायल्यात न्हवं का," ती म्हणायची. "रडू नगा."

आणि दर जेवणानंतर बारक्या ब्रशानं तारेखालून साफ करायचं. बाजारात मी हापशावर ब्रश घेऊन उभा राहिलो की पोरं गोळा व्हायची. बबन लांबून ओरडायचा, "बैलाला वेसण नाकात असती रं, ह्याला दातात घातली!" मी फेस थुंकून म्हणायचो, "तुला कुठंच घातली न्हाई, म्हणून तर असा उधळलाय."

पण खरं सांगू, मला त्या दिवसांत मजा वाटत होती. मी फट मोजायचो. पहिल्यांदा काडेपेटीची काडी आरपार जायची. संक्रांतीला काडी अडली, पण ज्वारीच्या ताटाची सोललेली चोय गेली. शिमग्याला चोय अडली, पोस्टाचं कार्ड दुमडून घातलं तर गेलं. पावसाळ्यात एकेरी कार्ड. डोळ्याला हालचाल दिसत नाही, आणि काडी सांगते की हललं. गवत वाढताना दिसत नाही पण गाईला कळतं, तसं. एकाहत्तर वर्षांच्या हाडात अजून माती सरकते, या गोष्टीचं मला इतकं नवल वाटायचं की येईल त्याला सांगायचो.

माझी चूक

आता जे लिहितो ते बाईंनी लिहायला सांगितलं नव्हतं. पण हे सोडून बाकीचं लिहिलं, तर दात घासलेला बैल विकल्यासारखं होईल.

तारा लागल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बाईंनी रबरं दिली. वरच्या दाताच्या आकड्यापासून खालच्या मागच्या दाताच्या आकड्यापर्यंत बारीक रबर आपल्या हातानं अडकवायचं. एका बाजूला एक. जेवताना काढायचं, रोज नवं लावायचं. त्यांनी तीन वेळा सांगितलं, एका बाजूला एकच.

दिवाळीच्या सुमाराला निरोप आला. हिवाळ्यात आमच्या भागातल्या जत्रेत डांगी बैलांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. माझ्या आयुष्यात हा मान पहिल्यांदाच. बाई म्हणाल्या, तारा निघायला उन्हाळा उजाडेल. मी मनात म्हणालो, म्हणजे सगळ्या मुलखासमोर तोंडात लोखंड घालून मी दुसऱ्याच्या जनावराचे दात बघायचे?

मग मी दोन-दोन रबरं लावायला लागलो. एका बैलानं जे महिन्यात होतं ते जोडीनं पंधरा दिवसांत व्हावं, असा हिशेब. खुंट्याची गोष्ट मीच बोललो होतो. ती मला आठवत नव्हती असं नाही. आठवत होती, पण ती दुसऱ्यांसाठी आहे असं वाटत होतं.

आठ दिवसांत कार्डसुद्धा जाईना. मी खूश. बाराव्या दिवशी आंबील पिताना डावा दात वाटीच्या काठाला लागला आणि आतल्या आत फिरला. नुसता हलला नाही, फिरला. मी रबरं काढली, आणि ठरलेल्या तारखेला संगमनेरला गेलोच नाही. मुलाला सांगितलं, गुडघा दुखतोय.

हौसानं तीन दिवस बघितलं. मी उजव्या बाजूनं जेवतो, वरण पितो, भाकरीला हात लावत नाही. चौथ्या दिवशी ती रबराचं रिकामं पाकीट घेऊन आली.

"आवं, म्हयन्याचं पाकीट पंधरा दिसात कसं सपलं?"

"हरवली काही."

"कुठं हरवली? तोंडात?"

मी उठून गोठ्यात गेलो. ती मागून आली. दावणीपाशी उभी राहून हळूच म्हणाली, "माझ्या बाचा तांब्या मला आठवतो. पाव्हणे आलं की आमीच लाजायचो. तुमचा दात जावा आसं मला वाटतंय व्हय? चला उद्या."

एकच

दुसऱ्या दिवशी बाईंनी आरसा आत घातला. चिमट्यानं दात धरला. मला त्यांचे डोळेच दिसत होते, ते बारीक झाले.

"रबर किती लावत होता?"

"एकच," मी म्हणालो.

बाईंनी आरसा बाजूला ठेवला. "तात्या, पहिल्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतं? तोंड उघडलं की काय कळतं?"

मी वर दिव्याकडं बघत राहिलो.

"उघडलंय तोंड," त्या म्हणाल्या.

मला पन्नास वर्षांतले सगळे लबाड मालक आठवले. मी त्यांना असंच धरलं होतं, आणि ते असेच आभाळाकडं बघायचे. मी दोन बोटं वर केली.

त्या ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या ओरडल्या नाहीत. सगळी ओढ सोडून दिली आणि तो दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं घट्ट बांधला. "आता दोन महिने थांबायचं. त्याला काही चावायला द्यायचं नाही, जिभेनं हलवून बघायचं नाही. हाड धरलं तर धरलं. नाहीतर काढावा लागेल, आणि मग बाकीच्यांचीही खात्री नाही."

तुम्हाला सांगतो, दोन महिने जिभेला दाव्यानं बांधणं हे तंबाखू सोडण्याहून अवघड. जीभ हटकून तिथंच जाते. हौसा समोर बसलेली असली की तिला माझ्या गालावरून कळायचं. ती नुसतं "ऊंहू" म्हणायची, आणि जीभ परत यायची.

जत्रा

त्या दोन महिन्यांतच प्रदर्शन आलं. तारा तशाच, वर दात बांधलेला. जाऊ नये असं वाटत होतं. हौसानं फेटा काढून खाटेवर ठेवला होता. मी गेलो.

डांगी बैल तेल लावून चकचकीत उभे होते. एक देखणा बैल आला, काळ्यावर पांढरे ठिपके. मालक म्हणाला नुकता जुळलाय. मी तोंड उघडलं. दातांच्या कडा सरळ एका रेषेत, कानशीनं घासलेल्या. मुळाशी फटी. बैल दहा-अकरा वर्षांचा.

"ह्याला बाजूला घ्या," मी म्हणालो. "दात घासल्यात."

मालक उसळला. "तुमी कोन सांगनार? सोताच्या तोंडात तार वढून तरणं व्हायला निघालाय, आन् माझ्या बैलाला म्हनता घासला!"

माणसं गोळा झाली. मी तोंड उघडून तारा सगळ्यांना दाखवल्या. "ही तार. वय बाहत्तर, पुरं. हाये ते टिकवाय लावलीया, कमी सांगाय न्हाई. आता तुझ्या बैलाचं वय तू सांग."

तो दावं धरून निघून गेला.

बबन गर्दीत होता. तो हसला, पण हसताना त्यानं उपरण्याचं टोक तोंडावर घेतलं. मी हेडी आहे. मला बबनचं उपरणं आठवायला लागलं. वर्षभर तो हसताना ते तोंडावर घेत होता. जत्रेत त्यानं भेळ घेतली आणि कुरमुरे मऊ पडेपर्यंत हातात धरून बसला. बोलायला माझ्याकडं अजून जागा नव्हती, माझाच दात टांगलेला होता.

सुटका

संक्रांत झाल्यावर बाईंनी बांधलेली तार सोडली. आरशाच्या दांडीनं दातावर टकटक केली. मी डोळे मिटले होते. त्यांनी चिमट्यानं धरून हलवला. पुन्हा हलवला.

"तात्या, खुंटा धरला मातीनं."

मी डोळे उघडले नाहीत. बाईंनी मला तसंच थोडा वेळ पडू दिलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना विसरणार नाही.

पुढं चैत्रात तारा निघाल्या. पुढच्या दातांच्या मागं एक बारीक तार मात्र कायमची चिकटवली आहे, कारण सोडलेला दात जुन्या जागी जायला बघतो. तारा निघाल्या म्हणजे सुटलो असं समजू नका. डावीकडं दाढांच्या जागी दात बसवायचे अजून राहिलेत. डाव्या दाताची हिरडी थोडी वर सरकली आहे, म्हणून तो उजव्यापेक्षा लांब दिसतो. ती माझ्या दोन रबरांची खूण. बाई म्हणाल्या, घासून सारखा करता येईल. मी म्हणालो, घासायचा नाही.

घरी आल्यावर हौसानं पापुद्रा न काढता भाकरी ताटात वाढली. मी पहिला घास घेतला, तिनं चावण्याचा आवाज ऐकला आणि चुलीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी बबनच्या गावाला गेलो. तो ओट्यावर बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

"काय रं तात्या, येवढ्या सकाळी? कुनाचा बैल मेला?"

मी शेजारी बसलो आणि आधी माझं सांगितलं. दोन रबरं लावली ते, दात फिरला ते, एकच लावलं म्हणून बाईंशी खोटं बोललो ते. चाळीस वर्षांत मी बबनला माझ्याविरुद्ध इतका दारूगोळा कधी दिला नव्हता. तो खदाखदा हसला आणि त्याचा हात उपरण्याकडं गेला.

मी तो हात धरला. दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्या ओठाखाली घातला, बैलाला घालतो तसा. वाटलं होतं चावेल. त्यानं मान फिरवली नाही. तोंड उघडलं आणि डोळे आभाळाकडं लावले.

वरचे चार फाकलेले, खालचे दोन हलत होते, हिरड्या तांबड्या.

"किती दाती सांगतोस?" त्यानं माझ्या बोटांमधूनच विचारलं.

"उतरल्याला न्हाईस अजून," मी म्हणालो. "आज बाई दुपारपर्यंत बसत्यात."

मग मी खाली वाकून त्याच्या चपला त्याच्या पायापाशी सरकवल्या.